दोघंच, पहिल्यांदा, जपानला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नानंतरची पहिली मोठी सहल असो, की मुलं शिक्षणाला बाहेर पडल्यावर सुचलेली, जपान ठरवणारी मराठी जोडपी काही प्रश्न हमखास विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी तयारीचे, मग तिथल्या वागण्याचे आणि शेवटी अपवादांचे. एखादं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आमचं एक ठाम मत तुम्हाला बऱ्याच उत्तरांत दिसेल: जपानमध्ये गोष्टी ऐनवेळी जमवता येत नाहीत. म्हणून जेवण, आंघोळ आणि चालणं या तीन बाबतींत दोघांनी घरीच बोलून घ्या.

१. आम्हाला जपानी येत नाही, परदेशाचाही अनुभव नाही. टूर कंपनीशिवाय जमेल का?

जमेल. स्टेशनांची नावं इंग्रजीत लिहिलेली असतात, मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि आकडा असतो आणि गाड्या वेळेवर धावतात. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपने मेन्यूचा फोटो काढला की बराचसा अर्थ कळतो. रात्री उशिरा दोघांनी पायी हॉटेलवर परतणं तिथे अगदी नेहमीचं आहे. भाषेपेक्षा जड जातात ते न बोललेले नियम. चूक झाली तरी समोरचा बहुधा काही बोलणार नाही, त्यामुळे आपलं कुठे चुकलं हेही कळत नाही. ते नियम पुढे ओघाने येतीलच.

जेवणाच्या अगदी कडक अटी असतील आणि रोज शोधाशोध करायची तयारी नसेल, तर मात्र स्वतःचा स्वयंपाकी सोबत नेणारी टूर बरी. त्यात कमीपणा काही नाही.

२. कोणत्या महिन्यात जावं?

टोकियो आणि क्योतोमध्ये साकुरा (चेरीचा मोहर) साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुलतो. क्योतोची लाल पानं नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतात. दोन्ही वेळी गर्दी आणि हॉटेलचे दर चढलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांना हवा छान मिळते आणि गर्दी त्या मानाने कमी.

२९ एप्रिल ते ५ मेचा ‘गोल्डन वीक’ टाळा, सगळं जपान तेव्हा प्रवासात असतं. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, ऑगस्टमध्ये मुंबईच्या मे महिन्याला मागे टाकील असा घामटा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळं. ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी बरीच दुकानं नि संग्रहालयं बंद असतात.

३. आठ-नऊ रात्री आहेत. टोकियो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा, होक्काइदो सगळं होईल का?

होईल, पण तुमच्या आठवणीत स्टेशनंच राहतील. पहिल्या खेपेला टोकियोत चार रात्री, हाकोनेसारख्या गरम झऱ्यांच्या गावी एक आणि क्योतोत तीन, एवढंच ठेवा. नारा आणि ओसाका क्योतोहून दिवसात होतात. होक्काइदो पुढच्या वेळी.

पुणेकरांसाठी एक खास सुचवणी. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलं आहे, ती कोराकुएन बाग ओकायामात आहे. जपानच्या तीन श्रेष्ठ बागांत तिची गणना होते आणि ओकायामा क्योतो-हिरोशिमा या बुलेट ट्रेनच्या मार्गावरच येतं. हिरोशिमाला जाणारच असाल तर मधे उतरून दोन तास द्या. आपल्या ओळखीची बाग तिच्या मूळ गावी पाहण्याचा आनंद वेगळाच असतो.

४. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे. व्हिसाला अडचण येईल का?

येत नाही. अर्ज दोघांचे वेगवेगळे करायचे असतात आणि तिकीट, हॉटेल, अर्ज या सगळ्यांवर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. एकच जण कमावता असेल आणि खर्च तो करणार असेल, तर नातं दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. नवविवाहितांनी हे प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावं, खोळंबा व्हिसापेक्षा तिथेच जास्त होतो. अर्जासोबत कोणत्या दिवशी कुठे राहणार याचा तक्ताही द्यावा लागतो.

भारतात राहणाऱ्यांना पर्यटनाचा, एकदाच प्रवेशाचा व्हिसा आता ई-व्हिसा म्हणून मिळतो. विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवायचा असतो, स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. म्हणजे उतरल्या क्षणी दोघांच्याही फोनवर इंटरनेट हवं. ई-सिम निघण्याआधीच टाकून घ्या. फिरताना मूळ पासपोर्ट सतत जवळ बाळगणं परदेशी पर्यटकाला कायद्याने बंधनकारक आहे, तो हॉटेलात ठेवून बाहेर पडू नका.

५. रोख किती न्यावी? कार्ड चालतं का?

मोठ्या दुकानांत, हॉटेलांत कार्ड चालतं. लहान खानावळी, देवळं, गावाकडच्या बस आणि जुनी दुकानं अजून रोखच मागतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशी वापर सुरू करा. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममध्ये परदेशी कार्डं चालतात. १०० येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये धरून हिशेब करा, नेमका दर त्या दिवशी पाहा.

सुट्या नाण्यांसाठी एक छोटी पर्स लागतेच, कारण ५०० येनचंही नाणं असतं आणि खिशात बघता बघता दोन-तीन हजार साठतात. काउंटरवर छोटा ट्रे असतो, पैसे हातात न देता त्यात ठेवायचे. टीप देऊ नका. टेबलावर पैसे सोडलेत तर वेटर ते परत द्यायला तुमच्या मागे रस्त्यावर येईल.

६. जेआर पास घ्यायचा का?

हा जपान रेल्वेचा ठराविक दिवसांचा प्रवास पास. प्रश्न ३ मध्ये दिलेल्या सहलीला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये दर वाढल्यापासून सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनचा झाला. टोकियो ते क्योतो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन. जाऊन-येऊन धरलं तरी पास अंगावर पडतो. शहरात फिरायला सुइका किंवा इकोका कार्ड घ्या. ते लोकल, मेट्रो, बस आणि किराणा-खाऊच्या दुकानांतही चालतं. दोघांना दोन कार्डं लागतात, एका कार्डावर दोघं जात नाहीत. आयफोनमध्ये हे कार्ड थेट भरता येतं, भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत येत नाही.

टोकियोहून क्योतोला जाताना ‘डी’ आणि ‘ई’ या जागा मागा. साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या असतात, ही दोनची बाजू. आकाश मोकळं असेल तर सुटल्यावर पाऊण तासाच्या आसपास फुजी पर्वत याच खिडकीतून दिसतो. त्या आधी पाच मिनिटं फोन खाली ठेवा.

७. दोन मोठ्या बॅगा घेऊन ट्रेनने फिरता येईल का?

फिरता येईल, पण स्टेशनांत जिने आहेत आणि लिफ्ट शोधण्यात जीव जातो. शिवाय टोकियो-क्योतो मार्गावर लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली तर त्या बॅगेसाठी खास जागा आधी राखून ठेवावी लागते. त्यापेक्षा हॉटेलच्या काउंटरवरून ‘ताक्युबिन’ने बॅग पुढच्या हॉटेलला पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. एका रात्रीचे कपडे पाठीवर आणि मधला मुक्काम हाकोनेला, ही जोडी उत्तम जमते.

८. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी राहणार नाही, पण तयारी न करता गेलात तर रोज संध्याकाळी सात वाजता चिडचिड होईल. मूळ अडचण ‘दाशी’ची आहे. कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या पापुद्र्यांचं हे पाणी जपानी स्वयंपाकात सगळीकडे वापरतात: मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, सोबा नूडल्स बुडवायची चटणी, उकडलेल्या भाज्या, ऑम्लेट. भाजी मागितली आणि तुकडा एकही दिसला नाही, तरी रश्शात मासा असू शकतो. ‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढं सांगून भागत नाही, कारण बऱ्याच स्वयंपाक्यांच्या लेखी दाशी हा मांसाहारच नाही. सांगायचं असं: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस.’ मांस-मासे खात नाही आणि माशाची दाशीही चालत नाही. हेच वाक्य जपानी लिपीत फोनमध्ये ठेवा आणि बसण्यापूर्वी दाखवा. नाही म्हणाले तर आभार मानून पुढे व्हा. तुम्हाला चुकीचं वाढण्यापेक्षा ते नकार देणं पसंत करतात आणि हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे.

चालणारे पदार्थ: मीठ लावलेल्या एदामामे शेंगा, कप्पा माकी (काकडी भरलेला सुशीचा रोल), उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी (भाताचा गोळा), पापुद्रे न घालता मागितलेलं थंड तोफू. भाज्यांचा तेंपुरा खाताना दोन गोष्टी लक्षात असू द्या, पिठात अंडं असू शकतं आणि बुडवायच्या चटणीत दाशी असते. चटणीऐवजी मीठ मागा. कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची, ओनिगिरी शाकाहारी दिसते, पण तिच्यात बरेचदा माशाचा अर्क असतो.

टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं (रस्सा-नूडल्सचं) दुकान आहे. रामेन म्हणजे काय ते शाकाहाऱ्यालाही तिथे नीट कळतं. भारतीय रेस्टॉरंटं जवळजवळ प्रत्येक मोठ्या भागात आहेत, बरीचशी नेपाळी मंडळी चालवतात. एदोगावा भागातल्या निशी-कासाईमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तिथे किराणाही मिळतो.

आमचा सल्ला: दिवसातलं एक जेवण आधी शोधून, नकाशावर खूण करून ठेवा. दुसरं दुकानातल्या साध्या गोष्टींवर भागवा.

९. आमच्यात एक शाकाहारी, एक सगळं खाणारा. कसं करायचं?

सुशीच्या दुकानात शाकाहारी जोडीदाराला नुसतं बसवून ठेवू नका, तो आनंद एकट्याचाच होतो. इझाकाया म्हणजे छोट्या छोट्या थाळ्यांची बैठक दोघांना जमते. एदामामे, तोफू, लोणची, बटाट्याचे तळलेले काप एकीकडे, मासे दुसरीकडे. बसल्याबरोबर न मागितलेली छोटी वाटी समोर येईल. तिचे माणशी तीन-चारशे येन बिलात लागतात. ही तिथली बसण्याची रीत आहे, फसवणूक समजू नका.

डिपार्टमेंट स्टोअरचं तळघर हाही छान उपाय. प्रत्येकाने आपापलं निवडायचं आणि हॉटेलवर आणून एकत्र जेवायचं.

१०. जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं काय?

बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्योरी’ जेवण तुमच्या बरंच जवळ आहे. त्यात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही वर्ज्य असतो आणि दाशी शेवाळाची किंवा मशरूमची असते. कोयासान डोंगरावरच्या मठांत राहायलाही मिळतं आणि हे जेवण तिथे रोजचं आहे. कंदमुळं मात्र भरपूर वापरतात, कडक जैन आहारासाठी आधी लिहून विचारा.

११. घरून खाऊ काय न्यावा? आणि औषधं?

चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेली भाजणी, गरम पाणी घालून होणारे पाकिटातले उपमा-शिरा, हे न्या. खोलीत पाणी उकळायची किटली असते. मांस असलेला कुठलाही पदार्थ, ताजी फळं-भाज्या आणि कढीपत्त्याची पानं नेऊ नका. कच्चे तांदूळ आणि डाळीही घरी ठेवा, त्यांना वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. तिथली वीज १०० व्होल्टची आणि पिना दोन चपट्या. आपला छोटा राइस कुकर तिथे नीट चालणार नाही, आणि खोलीत फोडणी देण्याचा विचारही करू नका.

औषधांकडे काळजीपूर्वक पाहा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती चालतात, जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं न्यायला बंदी आहे आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवर कडक निर्बंध आहेत. घरातल्या औषधांच्या डब्यातून सरसकट मूठभर उचलून बॅगेत टाकू नका. प्रत्येक पाकिटावरची नावं वाचा.

१२. हॉटेलची ‘डबल’ खोली एवढी स्वस्त कशी?

कारण ती बहुधा ‘सेमी-डबल’ असते, म्हणजे १२० सेंटिमीटर रुंदीचा पलंग. दोघांना एका कुशीवर झोपावं लागतं. ‘डबल’ साधारण १४० सेंटिमीटर आणि ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे पलंग. शहरातली खोली १२-१५ चौरस मीटरचीही असते, दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. आरक्षण करताना पलंगाची रुंदी, खोलीचं क्षेत्रफळ आणि ‘नो स्मोकिंग’ या तीन गोष्टी वाचाच.

१३. र्योकानमध्ये एक रात्र राहायचं आहे. काय लक्षात ठेवावं?

र्योकान म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीचं निवासस्थान. एक रात्र जरूर राहा, पण तीन गोष्टी पक्क्या करून. पहिली, दर बहुधा माणशी असतो, खोलीचा नाही, आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. दुसरी, जेवणाची वेळ ठरलेली, साधारण सहा-सातची. नऊला पोचलात तर जेवण गेलं. तिसरी, शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच कळवा. दारात जाऊन सांगितलं तर स्वयंपाक झालेला असतो. जमणार नाही असं उत्तर आलं तर फक्त न्याहारीचा किंवा बिनजेवणाचा पर्याय घ्या.

दारातल्या खालच्या फरशीवर बूट काढून वर पाय ठेवायचा, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पुढचं सांगावं लागतं: तातामीच्या चटईवर स्लिपरही चालत नाही, आणि संडासातल्या स्लिपरा वेगळ्या असतात. त्याच घालून बाहेर येणं ही पाहुण्यांची नेहमीची चूक. मोजे न फाटलेले न्या. संध्याकाळी खोलीत दोन वेगळ्या गाद्या घालून देतात. त्या शेजारी ओढून घेतल्या तर कोणाला काही वाटत नाही. युकाता (अंगावर घ्यायचा सुती झगा) घालताना डावी बाजू उजवीच्या वर घ्यायची. उलटी घडी मृतदेहाची असते.

१४. ओनसेनमध्ये खरंच सगळे कपडे काढावे लागतात? आणि नवरा-बायकोला एकत्र जाता येतं का?

हो, सगळे. ओनसेन म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याची न्हाणी, तिथे पोहण्याचा पोशाख चालत नाही. स्त्री-पुरुषांची कुंडं वेगळी असतात, त्यामुळे सार्वजनिक कुंडात तुम्ही एकत्र नसता, प्रत्येक जण एकटा आणि अनोळखी लोकांत असतो. हे एकाला सहज वाटतं नि दुसऱ्याला अजिबात नको असतं. हा विषय घरीच काढा, आणि जोडीदार ‘नको’ म्हणाला तर तिथे जाऊन आग्रह करू नका.

दोघांना एकत्र हवं असेल तर ‘काशिकिरी’ म्हणजे तासाभरासाठी राखून घ्यायचं खासगी कुंड असतं. काही र्योकानमध्ये ते मोफत, काही ठिकाणी दोन-चार हजार येन. खोलीलाच जोडून कुंड असलेल्या खोल्याही मिळतात, महाग असतात. पहिल्या वेळेसाठी आम्ही काशिकिरीच सुचवतो.

रीत अशी. कपडे टोपलीत ठेवायचे. आत भिंतीशी बुटकी स्टुलं आणि शॉवर असतात. स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, फेसाचा थेंब अंगावर राहू द्यायचा नाही आणि मग कुंडात उतरायचं. कुंड बसण्यासाठी आहे, अंग धुण्यासाठी नाही. केस वर बांधा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका, घडी करून डोक्यावर ठेवतात. पाणी ४०-४२ अंशांचं असतं, पहिल्यांदा दहा मिनिटं पुरे. दारावर पडदे असतात, निळा पुरुषांचा, लाल स्त्रियांचा. बऱ्याच र्योकानमध्ये रात्री आणि सकाळी पडद्यांची अदलाबदल करतात, तेव्हा सकाळी जाताना कालच्या आठवणीवर जाऊ नका. पडदा पाहा.

आपल्याकडच्या बायकांसाठी खास: जोडवी आणि पैंजण आधी काढून खोलीत ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काही मिनिटांत काळी पडते. मंगळसूत्रही काढलेलं बरं. हातावर ताजी मेंदी असेल तर काउंटरवर सांगा, कारण गोंदण असलेल्यांना बरीच कुंडं आत घेत नाहीत आणि मेंदी त्यांच्या ओळखीची नाही. गोंदण असेल तर खासगी कुंड हाच सरळ उपाय. पाळीच्या दिवसांत सार्वजनिक कुंडात उतरत नाहीत.

१५. रस्त्यात हात धरून चाललं तर चालतं का?

चालतं. तरुण काय, म्हातारी जोडपीही चालतात. मिठी आणि चुंबन मात्र चारचौघांत फारसं दिसत नाही. कोणी रोखून पाहणार नाही, टोकणारही नाही.

सकाळच्या गर्दीत काही मार्गांवर स्त्रियांसाठी राखीव डबे असतात, फलाटावर गुलाबी खुणा असतात. तिथे नवऱ्याने चढायचं नाही. त्या वेळी दोघं शेजारच्या डब्यात चढा.

१६. ट्रेनमध्ये आणि रस्त्यावर आपल्याकडून नेमकं काय चुकतं?

बहुतेक वेळा आवाज. लोकलमध्ये फोनवर बोलत नाहीत, व्हिडिओ कॉलवर आईला डबा दाखवणं तर दूरच. आपसात हळू बोला. फोन मूक ठेवा.

कचऱ्याच्या पेट्या फार कमी आहेत. १९९५ मध्ये टोकियो मेट्रोत सारीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर ठिकठिकाणच्या पेट्या काढल्या गेल्या. एक पिशवी जवळ ठेवा, कचरा हॉटेलवर न्या. चालता चालता खात नाहीत, दुकानासमोर उभं राहून संपवतात. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. पुढच्याचं पाहून उभे राहा.

चॉपस्टिक्सच्या बाबतीत दोनच गोष्टी कटाक्षाने टाळा. भातात त्या उभ्या खोचू नका आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नका. पहिली रीत मृतासमोर ठेवलेल्या भाताची, दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. जोडपी प्रेमाने घास द्यायला जातात आणि शेजारचं टेबल गप्प होतं. पिंडाचा भात आपल्याला माहीत आहे, तेव्हा हे वेगळं समजवायला नको.

१७. टॉयलेटमध्ये पाणी असतं का?

असतं, आणि कोमट. बहुतेक हॉटेलं, मॉल, स्टेशनांत बटणाने पाण्याचा फवारा देणारी आसनं असतात. हात पुसायला कागद नसतो, म्हणून छोटा रुमाल दोघांनीही ठेवा.

१८. देवळांत काय करायचं? आणि तिथे गणपती आहे हे खरं का?

तोरीई म्हणजे लाकडी किंवा दगडी कमान दिसली की ते शिंतो देऊळ. पाण्याच्या कुंडाशी आधी डावा, मग उजवा हात धुवायचा. पुढे जाऊन नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, हात जोडायचे आणि पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात.

गणपती आहे, आणि जोडप्यांनी आवर्जून जावं असा. टोकियोत आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की सुमिदा नदीजवळच्या छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन आहे. इथला देव कांगितेन, म्हणजे भारतातून बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे आलेला गणेश. बहुतेक ठिकाणी त्याचं रूप एकमेकांना मिठी मारलेल्या दोन गजमुखी मूर्तींचं असतं आणि मूर्ती पडद्याआड ठेवतात, दर्शन होत नाही. इथे नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. मुळा मंदिरातच विकत मिळतो. देवळावर ठिकठिकाणी दोन चिन्हं कोरलेली दिसतील, एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशाची थैली. मुळे पती-पत्नीच्या एकोप्याचे, थैली भरभराटीची. दर ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो. सेन्सोजीच्या गर्दीतून इथे आलं की फार शांत वाटतं.

क्योतोत गियोन भागात १६१७ पासून चालत आलेलं कामेया कियोनागा नावाचं मिठाईचं दुकान आहे. तिथला ‘सेइजो कांकिदान’ हा पदार्थ पाहा. आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण आणि मसाले, बाहेरून पुरचुंडीसारखं वळलेलं पीठ, तिळाच्या तेलात तळलेलं. तळणीचा मोदकच समोर ठेवल्यासारखा वाटतो.

सरस्वतीही जपानमध्ये बेंझाइतेन नावाने आहे, टोकियोत उएनोच्या तळ्यात तिचं देऊळ आहे. टोकियोतल्याच इनोकाशिरा बागेच्या तळ्यावर मात्र एक समजूत सांगतात: तिथे नावेत बसलेल्या जोडप्यांवर देवी रुसते आणि ती जोडपी दुरावतात. तरी नावा कायम भरलेल्या असतात.

१९. किमोनो भाड्याने घातला तर जपानी लोकांना खटकेल का? गेशांचे फोटो काढता येतात का?

किमोनो खटकत नाही. क्योतोत दुकानातल्या बायका मनापासून नेसवून देतात. घडी कशी, ते प्रश्न १३ मध्ये आहे. एखाद्या दिवशी साडी नेसून फिरलात तरी कौतुकच होईल.

गेशा आणि मायको (शिकाऊ गेशा) कामावर निघालेल्या असतात. त्यांची वाट अडवणं, मागे धावणं, कपड्याला हात लावणं यामुळे गियोनमधल्या खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना बंदी आहे. पाटीवर १०,००० येन दंड लिहिलेला असतो. मुख्य रस्त्यावरून चाला.

२०. दोघांच्या फिरण्याचा वेग जुळत नाही. रोज भांडण होईल असं वाटतं.

तिथे रोज पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात आणि तिसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात. रुळलेले बूट न्या, नवे कोरे नकोत. दिवसाला दोनच ठिकाणं ठरवा, दुपारी तासभर हॉटेलवर पडा. सहलीतली एक दुपार मुद्दाम वेगवेगळी काढा. एकाला कॅमेऱ्यांची दुकानं, दुसऱ्याला बागेत बसणं. सुरक्षित देश असल्यामुळे हे निर्धास्त करता येतं, आणि संध्याकाळी बोलायला दोघांकडे काहीतरी वेगळं असतं.

२१. स्टेशनात चुकामूक झाली, किंवा पासपोर्ट हरवला तर?

टोकियोतल्या शिंजुकूसारख्या स्टेशनाला दोनशेच्या आसपास बाहेर पडायचे मार्ग आहेत. ‘बाहेर भेटू’ याला तिथे अर्थ नाही. आधीच ठरवून ठेवा: एक जण ट्रेनमध्ये राहिला तर त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, दुसऱ्याने पुढच्या गाडीने यायचं. हॉटेलचा पत्ता जपानीत छापलेलं कार्ड दोघांच्याही खिशात हवं, इंटरनेटही दोघांच्या फोनवर वेगळं.

वस्तू हरवली तर आधी स्टेशनच्या खिडकीवर, मग जवळच्या ‘कोबान’ म्हणजे पोलीस चौकीत जा. सापडलेल्या वस्तू लोक आणून देतात. पासपोर्टच गेला तर कोबानमध्ये तक्रार नोंदवून तिचा कागद घ्या आणि टोकियोतला भारतीय दूतावास किंवा ओसाकातला वाणिज्य दूतावास गाठा. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९.

२२. बायको गरोदर आहे, चौथा महिना. जाऊ का?

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तरच, आणि प्रवास विम्यात गरोदरपणाचा खर्च धरला आहे का ते वाचून. कच्चा मासा आणि कच्चं अंडं टाळा. कच्चं अंडं भातावर आणि काही गरम पदार्थांबरोबरही येतं. ओनसेनच्या पाट्यांवरची गरोदर स्त्रियांसाठीची मनाई सरकारने २०१४ मध्ये काढली, तरी घसरड्या फरशीचा आणि उष्णतेचा विचार करून डॉक्टरांना विचारा. स्टेशनांवर गरोदर स्त्रियांसाठी बॅगेला लावायचा बिल्ला मोफत मिळतो. तो लावा, जागा मिळायला मदत होते.

२३. आई-बाबाही येतो म्हणतात. नेऊ का?

नेता येईल, पण मग सहल दुसरी आखावी लागेल. चौघांची एक खोली क्वचितच मिळते, जिने खूप आहेत आणि जेवणाचा प्रश्न दुप्पट होतो. मुक्काम फक्त टोकियो आणि क्योतो ठेवा, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, स्टेशनपासून पाच मिनिटांच्या आत. दिवसाला एकच ठिकाण. आणि एखादी संध्याकाळ त्यांना निशी-कासाईसारख्या ठिकाणी गरम पोळी मिळेल अशी ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते आनंदाने बाहेर पडतात.

२४. भूकंप झाला तर काय करायचं?

मोठा धक्का येण्याच्या काही सेकंद आधी सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजतात. घाबरून बाहेर पळू नका. काचेपासून दूर, टेबलाखाली डोकं झाकून थांबा. हादरे थांबले की खोलीचं दार उघडून ठेवा, लिफ्ट वापरू नका. समुद्राकाठी असाल तर सूचनेची वाट न पाहता उंचावर जा. ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप निघण्यापूर्वीच दोघांच्या फोनवर घ्या, त्यात इंग्रजीतून सूचना येतात. छोटे धक्के येत राहतात, इमारती ते सोसण्यासाठीच बांधलेल्या आहेत. आजूबाजूचे लोक जेवत राहिले तर तुम्हीही जेवत राहा, आणि घरी ‘ठीक आहोत’ असा एक मेसेज टाका, कारण बातमी भारतात तुमच्याआधी पोचलेली असते.